प्लाय आणि ओबडधोबड फळ्या घरच्या घरी सरळ कापायच्या कशा? कड सुतासारखी येतच नाहीये

पहिलीफळी:

नमस्कार मंडळी, गेले तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकलोय म्हणून शेवटी धागाच काढला. पुस्तकांचं कपाट करतोय, १८ मिमी प्लायच्या दोन शीट आहेत, २४४० बाय १२२० च्या, आणि वरचा पाट मात्र खऱ्या लाकडाचा करायचाय, त्यासाठी चार ओबडधोबड फळ्या आणून ठेवल्यात, त्यातल्या दोघींच्या एका बाजूला अजून साल तशीच आहे. हातात आहे ते असं: १८५ मिमी पात्याचा सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत), जिगसॉ (वरखाली चालणाऱ्या उभ्या पात्याची), हातकरवत आणि एक जुना रंधा. टेबल सॉ (टेबलातच पातं बसवलेली करवत) नाही आणि ठेवायला जागाही नाही.

तर कड सरळ येत नाही. पेन्सिलीने रेघ मारतो, रेघेवर डोळा ठेवून श्वास रोखून सॉ ढकलतो, तरी कापलेले दोन तुकडे कडेला कड लावून धरले की मधून उजेड दिसतो, कुठे २ मिमी, कुठे ३, एका ठिकाणी तर पातं रेघेच्या पार आत घुसलंय. मग ॲल्युमिनियमची पट्टी दोन टोकांना क्लॅम्प लावून बसवली आणि तिला टेकवून सॉ चालवला, वाटलं आता तरी येईल, तर दोन्ही टोकं बरोबर आणि मधे बाक! वरच्या थराचे टवके उडाले ते वेगळंच. फळ्यांना तर अजून हातच लावलेला नाही कारण तिथे पट्टी टेकवायला सरळ अशी बाजूच नाहीये. चूक हाताची आहे का पद्धतीची एवढं आधी कळलं तरी पुष्कळ.

गुण्या९०:

पद्धतीची. हाताला दोष देऊ नका, आठ फूट लांब रेघेवर मोकळ्या हाताने सॉ सुतासारखा चालवणं भल्याभल्यांना जमत नाही आणि जमवायची गरजही नाही. पातं फक्त कापतं. सरळपणा येतो तो ज्या वस्तूला टेकवून तुम्ही सॉ चालवता तिच्यातून, तिची नक्कल उतरते तुमच्या प्लायवर. तिच्यात बाक असेल तर बाकाचीही नक्कल उतरते. म्हणून पहिला प्रश्न हा की तुमच्याकडे खात्रीची सरळ अशी एक तरी वस्तू आहे का?

पट्टी तपासायची पद्धत सांगतो. प्लायवर पट्टी ठेवा, दोन टोकांना दोन टिंबं, आणि टोकदार पेन्सिलीने त्या टिंबांतून बारीक रेघ मारा. आता जी कड वापरलीत तीच कड बिजागरी समजून पट्टी पुस्तकाच्या पानासारखी पलीकडे उलटवा, तीच कड त्याच दोन टिंबांना लावा आणि परत रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर पट्टी सरळ. मधे फट दिसली तर जेवढी फट त्याच्या निम्मी चूक, म्हणजे १ मिमी फट असेल तर पट्टीत अर्धा मिमी बाक आहे. उलटवायचीच, नुसती गोल फिरवून टोकांची अदलाबदल करायची नाही, कारण कडेला इंग्रजी एस सारखं दुहेरी वळण असेल तर गोल फिरवल्यावर ते परत तसंच येऊन बसतं आणि चूक दिसतच नाही.

पण तुमच्या बाबतीत मला वाटतं पट्टी सरळच आहे, ती ढकलताना वाकतेय. दोन टोकं घट्ट आणि मधे आधार नाही, सॉ तिच्यावर दाबला जातो, ती बाहेरच्या बाजूला झुकते आणि तिच्या मागोमाग पातंही जातं. किती रुंद आहे पट्टी?

पहिलीफळी:

४० मिमी रुंद, ५ मिमी जाड. उलटवून बघितली आत्ताच, रेघा एकावर एक बसल्या! म्हणजे तुम्ही म्हणता तेच, वाकतेय.

गुण्या९०:

मग झालं निदान. आडवा ताठपणा रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, रुंदी दुप्पट केली की आठपट. ४० ऐवजी १०० मिमी रुंद प्लायची पट्टी घेतलीत तरी हाताच्या दाबाने जाणवेल इतकी वाकणार नाही. किंवा ॲल्युमिनियमची चौकोनी नळी, ती वजनाच्या मानाने खूप ताठ असते.

पण पट्टी सोडा, त्यापेक्षा सॉसाठी एक गाईड बनवा, एकदा बनवलं की वर्षानुवर्षं चालतं. ६ मिमी प्लाय किंवा एमडीएफचा (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) साधारण ३०० मिमी रुंद तळ घ्या. त्यावर १२ मिमी प्लायची १०० मिमी रुंद पट्टी गोंद आणि स्क्रूने बसवा, जिची कड कारखान्यातून आलेली आहे आणि उलटवून तपासलेली आहे अशी. तळाची एक बाजू सॉच्या बेसपेक्षा, म्हणजे लाकडावर टेकणाऱ्या त्याच्या सपाट पत्र्यापेक्षा, थोडी जास्त रुंद सुटलेली हवी. गोंद पूर्ण सुकू द्या, मग सॉचा बेस पट्टीला टेकवून तळाचा जादा भाग कापून टाका. आता तळाची कड म्हणजेच पातं जिथून जाणार ती जागा. यापुढे मोजायचं काही नाही, खुणेवर तळाची कड ठेवायची, क्लॅम्प मारायचे, सॉ पट्टीला टेकवून चालवायचा. बेसची कड ते पातं किती अंतर, ते रेघेपासून मागे मोजा, एका टोकाला १२८ आणि दुसऱ्याला चुकून १२७, ही सगळी कटकट संपते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पात्याचीही जाडी असते, २ ते ३ मिमी लाकूड भुसा होऊन जातं, म्हणून गाईड कायम कामाच्या तुकड्यावर ठेवा आणि पातं टाकाऊ बाजूला. आणि पट्टी फार उंच नको, नाहीतर सॉची मोटर पट्टीवर किंवा क्लॅम्पच्या डोक्यावर अडकते, निम्म्या कापात अडकली की तिथे हमखास खाच पडते.

पाचर:

गुण्या९० यांना +१, गाईडला पर्याय नाही. फक्त लांबीबद्दल थोडं. गाईड कापापेक्षा लांब पाहिजे, पातं लाकडाला लागायच्या आधी सॉचा बेस पट्टीला पुरता टेकलेला हवा आणि बाहेर पडतानाही तसंच, त्यामुळे २४४० च्या कापाला निदान २७०० चं गाईड लागतं. एवढी लांब शीट नसते म्हणून दोन तुकडे जोडावे लागतात, तेव्हा तळाचा सांधा आणि वरच्या पट्टीचा सांधा एकाच जागी आणू नका, निदान फूटभर मागेपुढे ठेवा, आणि जोडताना तुमच्या त्या तपासलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला दाबून दोन्ही तुकडे एका ओळीत आणा. पट्टी वाकते ती ढकलल्यावर, नुसती पडून असेल तर ती सरळच आहे.

आता महत्त्वाचं, शीट ठेवता कशावर? दोन स्टुलांवर ठेवून मधे कापत असाल तर कृपा करून थांबा. कापत जाल तशी शीट मधे खाली बसते, काप वरून मिटतो, पातं चिमटलं जातं आणि सॉ उसळून मागे तुमच्या अंगावर येतो. माझ्या बाबतीत झालंय हे. चार वर्षांपूर्वी शेवटचा वीतभर काप राहिला होता, तुकडा पडेल म्हणून डाव्या हाताने धरायला गेलो, तेवढ्यात सॉ उसळला, मांडीपासून चार बोटांवरून गेला आणि फरशीवर आपटला. पातं फिरायचं थांबेपर्यंत मी जागचा हललो नाही, नंतर दोन दिवस सॉ हातात घेतला नाही.

तेव्हापासून शीट जमिनीवरच कापतो. खाली फोमचं जाड शीट किंवा सारख्या जाडीच्या चार-पाच रिपा, दोन रिपा कापाच्या अलीकडे आणि दोन पलीकडे, म्हणजे कापून झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहतात, पडत नाही आणि मिटतही नाही काही. पात्याची खोली शीट अधिक गाईडचा तळ अधिक ५-६ मिमी, त्याहून जास्त पातं बाहेर काढायचं नाही. लांब काप असेल तर अर्ध्यावर आल्यावर मागच्या कापात एक बारीक पाचर सरकवून ठेवा. आणि सॉच्या बरोब्बर मागे उभं राहू नका, एका बाजूला राहा. चष्मा आणि कानाला काहीतरी हे सांगायला नकोच.

पहिलीफळी:

बापरे. मी दोन स्टुलांवरच कापत होतो! आजच बंद. टवक्यांचं काय करू?

पटाशी:

टवके कुठल्या बाजूला उडतात ते पात्याचे दात लाकडातून बाहेर कुठून पडतात त्यावर असतं. सर्क्युलर सॉचं पातं पुढच्या बाजूला खालून वर येतं, दात वरच्या तोंडातून बाहेर पडतात, म्हणून टवके वर उडतात. तेव्हा चांगलं तोंड खाली ठेवा. जिगसॉच्या साध्या पात्याचंही तेच, तेही वर येताना कापतं. टेबल सॉवर उलटं, तिथे चांगलं तोंड वर. पुढे ढकलताना कापणाऱ्या हातकरवतीलाही चांगलं तोंड वर.

गाईड केलंत तर निम्मं काम आपोआप होईल, तळाची कड अगदी पात्याला लागून बसते आणि वरच्या थराचे रेषे दाबून धरते, त्यांना उचकटायला जागाच मिळत नाही. ही मदत फक्त गाईडखालच्या बाजूला मिळते, टाकाऊ बाजूला टवके उडतील, उडू देत. दोन्ही बाजू कामाच्या असतील तर रेघेवर मास्किंग टेप दाबून लावा, किंवा त्याहून खात्रीचं म्हणजे धारदार सुरीने रेघ दोन-तीनदा कोरून घ्या म्हणजे वरचा थर आधीच कापलेला असेल. मी रेषांना आडवा काप असेल तेव्हा न चुकता कोरते.

आणि पातं कुठलं लावलंय? सॉबरोबर जे येतं ते बहुतेक २४ दातांचं असतं, ते लाकूड रेषांच्या दिशेने झटपट चिरायला चांगलं, प्लायला ४० ते ६० दातांचं घ्या. जास्त दात म्हणजे सावकाश ढकलायचं, पण कड अशी येते की रंध्याची गरज नाही. प्लायच्या कडेला रंधा मारायचं मला जिवावर येतं, एक थर उभा एक आडवा आणि मधे गोंद, धार लगेच जाते.

सूतधरा:

सगळे प्लायवर बोलतायत, मी शीटबद्दल एकच सांगून फळ्यांकडे जातो. शीटची कारखान्यातली कड बहुतेक वेळा सरळ असते पण कोपरा काटकोनात असेलच असं नाही, आणि वाहतुकीत कोपरे चेपलेलेही असतात. गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लहान पडतो अशा कामाला, कर्ण मोजा. २४४० बाय १२२० चे दोन्ही कर्ण २७२८ मिमी यायला हवेत, दोन्हींत फरक आला तर शीट तिरपी आहे. मधे कुठे काटकोन काढायचा असेल तर एका कडेवर ६००, दुसरीवर ८००, आणि त्या दोन खुणांमधलं तिरपं अंतर १००० आलं की काटकोन बरोबर.

आता फळ्या. सरळ बाजूच नसेल तर सरळपणा दोरीतून आणायचा. सुतार हा शब्दच सूत्रधार वरून आलाय, सूत धरणारा तो. खडूची दोरी घ्या, फळीच्या दोन टोकांना खुणा करून ताणून धरा, आणि मधोमध चिमटीत धरून सरळ वर उचलून सोडा, तिरपी उचललीत तर रेघही बाजूला पडते. दोन मीटरच्या पुढे असेल तर मधे अंगठ्याने दोरी फळीवर दाबून धरा आणि दोन्ही अर्ध्या वेगवेगळ्या मारा. ताणलेल्या दोरीत आडवा बाक येऊच शकत नाही, हीच तुमची खात्रीची सरळ वस्तू.

सूत मारायच्या आधी मात्र फळी डोळ्याखालून घाला. एक टोक डोळ्याजवळ धरून कडेवरून दुसऱ्या टोकाकडे बघायचं, एक डोळा मिटून. कडेचा बाक लगेच दिसतो. मग पीळ बघा, सपाट जागेवर ठेवून समोरासमोरचे कोपरे दाबा, डुलत असेल तर पीळ आहे. पिळलेली फळी तशीच कापलीत तर कड लांबीत सरळ दिसेल पण तोंडाशी काटकोनात नसेल, म्हणून कापताना ज्या कोपऱ्यांखाली पोकळ आहे तिथे पातळ चिपा सारून डुलणं बंद करा.

आणि लांबी आधी कमी करा! पाट किती लांबीचा करायचाय?

पहिलीफळी:

पाट ११०० चा. फळ्या २४०० च्या आहेत. सर्वांत वाईट जी आहे तिच्या कडेला दोरी लावली तर मधे १२ मिमी पोट आहे.

सूतधरा:

मग आधी आडवी कापून दोन तुकडे करा. बाक लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १२ मिमी बाकाची २४०० ची फळी निम्मी केली की प्रत्येक १२०० च्या तुकड्यात फक्त ३ मिमी उरतो, बाक एकसारखा असेल तर. आख्खी फळी सरळ करायला गेलात तर १२ मिमी रुंदी भुशात जाते, आणि निम्मी करून केलंत तर ३. चांगलं लाकूड असं वाया गेलेलं मला बघवत नाही म्हणून एवढं घोळवून सांगतोय.

तुकडे केल्यावर सूत मारा, त्या रेघेवर गाईड ठेवा, साल सॉच्या बाजूच्या टाकाऊ भागात. गाईड फळीपेक्षा रुंद होत असेल आणि डुलत असेल तर शेजारी त्याच जाडीची दुसरी फळी ठेवून आधार द्या. एक कड सरळ झाली की दुसरी तिच्यापासून रुंदी मोजून समांतर.

पाचर:

एक राहिलं, लगेच अंतिम मापाला कापू नका. फळीच्या आत ताण दबलेला असतो, वाळताना आलेला किंवा झाडाच्या वाढीतलाच, तुम्ही चिरलीत की तो मोकळा होतो आणि अगदी सरळ कापलेली कड तासाभरात परत वाकते. कधीकधी तर कापता कापताच मागचा काप मिटायला लागतो, तिथेही पाचर मारा. ५-६ मिमी जास्तीची रुंदी ठेवून कापा, फळ्या रिपांवर हवेशीर रचून तीन-चार दिवस सोडून द्या, मग शेवटचा काप.

गुण्या९०:

सहमत. आणि ज्यांच्याकडे टेबल सॉ आहे त्यांच्यासाठी: वाकडी कड कुंपणाला (पात्याला समांतर असलेल्या टेबलावरच्या पट्टीला) टेकवून फळी ढकलू नका, फळी डुलते, पात्यात वेडीवाकडी अडकते आणि फेकली जाते. सरळ कडेची प्लायची लांब पट्टी घ्या, तिच्यावर फळी स्क्रूने किंवा क्लॅम्पने बसवा अशी की वाकडी बाजू पट्टीच्या बाहेर येईल, मग पट्टीची सरळ कड कुंपणाला टेकवून दोन्ही एकत्र ढकला. परत तेच, पट्टीचा सरळपणा फळीवर उतरला. राउटर (फिरत्या बिटाने कड छिलणारं यंत्र) असेल त्यांनी तळाशी बेअरिंग असलेला सरळ बिट लावून खाली क्लॅम्प केलेल्या सरळ पट्टीवरून चालवला तरी चालेल, पण एका वेळी १-२ मिमीच आणि बिट फिरतो त्याच्या विरुद्ध दिशेने, नाहीतर राउटर हातातून पळतो.

पहिलीफळी:

मंडळी गाईड झालं! पण पहिल्या कापात एक भानगड आहे. कड सरळ आली, टवके नाहीत, फक्त कड जागोजागी काळी जळलीय आणि सॉ सारखा पट्टीपासून सुटून बाहेर जायला बघत होता, दाबून धरावा लागला. पातं नवीन आहे, ४८ दातांचं.

गुण्या९०:

तुमचं पातं बेसच्या कडेला समांतर नाहीये. प्लग काढा. पात्याच्या एका दातावर पेनाने खूण करा, तो दात पुढे आणून बेसच्या कडेपासून अंतर मोजा, मग तोच दात फिरवून मागे नेऊन मोजा. एकच दात वापरायचा म्हणजे पात्यातला थोडाफार वाकडेपणा मापात येत नाही. फरक अर्धा मिमी असला तरी पात्याचा मागचा भाग कापाच्या भिंतीला घासतो, घासला की जळतं. बेसचे स्क्रू ढिले करून सरळ होतो का बघा, काही सॉमध्ये तशी सोय असते. नसेल तर बेसच्या कडेला एक पातळ पट्टी दुहेरी टेपने चिकटवा आणि मागच्या किंवा पुढच्या टोकाला कागदाच्या घड्या घालून ती पात्याला समांतर करा, मग गाईडच्या तळाची कड परत एकदा नव्याने कापा कारण अंतर बदललं.

त्याच वेळी पातं बेसशी काटकोनात आहे का तेही बघून घ्या. बेसवरच्या अंशांच्या खुणांवर जाऊ नका. एक पट्टी आडवी कापा, कापलेल्या दोन तुकड्यांपैकी एक तुकडा तोंडाने उलटा करा आणि परत कडेला कड लावा. फट दिसली तर निम्मी चूक, पट्टी तपासली तसंच.

पहिलीफळी:

मागे १२८.२ आणि पुढे १२९ होतं! स्क्रू ढिले करून केलं सरळ. आता जळत नाहीये आणि सॉ लोण्यातून जावा तसा जातोय. प्लायचे सगळे तुकडे कापून झाले. एका मापाच्या दोन बाजू एकमेकींवर उभ्या ठेवून बघितल्या, चारही कडा जुळतात. फळ्या निम्म्या करून, चिरून, रिपांवर रचल्यात.

पाचर:

मस्त. आता चार दिवस त्यांच्याकडे बघू नका.

पटाशी:

त्या चार दिवसांत रंध्याला धार लावून ठेवा, कारण पाटाच्या फळ्या कडेला कड चिकटवायच्या म्हणजे सॉची कड कितीही चांगली आली तरी शेवटचा हात रंध्याचाच. किती लांब रंधा आहे?

पहिलीफळी:

साधारण १४ इंच. वडिलांचा आहे, लोखंडी.

पटाशी:

११०० च्या कडेला चालेल, थोडं लक्ष देऊन. लांब रंधे २२-२४ इंचांचे असतात ते उगाच नाही, लांब तळ दोन उंचवट्यांवर टेकून मधल्या खोलगट भागावरून नुसता जातो, उंचवटेच कापत राहतो, आणि खोलगट भाग उंचवट्यांच्या पातळीला आला की मगच अखंड छिलका निघतो. आखूड रंधा मात्र खोलगट भागात उतरतो आणि बाकासोबत वर-खाली जातो. म्हणून आखूड रंध्याने करताना आपण ठरवून करायचं.

मी करते ते सांगते. शेजारी चिकटणाऱ्या दोन फळ्या घ्या, पुस्तक मिटल्यासारख्या, म्हणजे वर दिसणारी तोंडं एकमेकांना चिकटलेली किंवा दोन्ही बाहेर, आणि ज्या कडा जोडायच्या त्या दोन्ही वर. एकत्र शिकंज्यात धरा आणि दोन्ही कडांवर एकदम रंधा मारा. हात थोडा तिरपा पडला तरी चालतं, एका फळीची कड ८९ अंश झाली तर दुसरीची ९१ होते, पुस्तक उघडलं की दोन्ही मिळून १८० आणि पाट सपाट बसतो. लांबीतला बाक मात्र असा जात नाही, उलट दुप्पट होतो, कारण दोन्हींत सारखाच बाक असतो आणि त्या समोरासमोर येतात. म्हणून तो वेगळा काढायचा. आधी फक्त मधल्या भागात रंधा मारा, टोकांना न लागता, दोन बोटं आत सुरू करून दोन बोटं आधी उचलायचा. रंधा मधे कापेनासा झाला की समजायचं तळ दोन्हीकडे टेकून राहील एवढी खोली झाली. मग टोकापासून टोकापर्यंत अखंड, सुरुवातीला पुढच्या मुठीवर जोर, शेवटाला मागच्या. टोकापासून टोकापर्यंत एकसंध छिलका निघाला की थांबा, हात राहवत नाही पण थांबा, अजून चार हात मारलेत तर टोकं झिजतात आणि कड फुगीर होते.

पहिलीफळी:

बरोबर झालं हे कळणार कसं? माझी पट्टी फूटभर बाहेर जाते, शिकंज्यात धरलेल्या कडेवर नीट टेकत नाही.

सूतधरा:

पट्ट्या बनवा की, प्लायचे तुकडे उरलेच असतील. पण एक नाही, तीन बनवा. एकीची कड दुसरीशी जुळली म्हणजे दोन्ही सरळ असं नाही, एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असेल तरी बिनचूक जुळतात. तिसरी आली की लबाडी उघडी पडते: अ जर फुगीर असेल आणि ब आणि क दोन्ही तिच्याशी जुळवलेल्या असतील तर ब आणि क दोन्ही खोलगट, त्या एकमेकींना लावल्या की मधे उजेड. तिन्ही जोड्या उजेडाशिवाय जुळल्या तरच तिन्ही सरळ. इंग्रज यंत्रअभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये धातूचे सपाट पृष्ठभाग कसे करायचे यावर निबंध वाचला त्यातली पद्धत हीच, तीन पाटे आळीपाळीने एकमेकांवर घासून बघायचे. दुसरीकडून काही सरळ उसनं आणावं लागत नाही, आपल्या तीन वाकड्या पट्ट्यांतून सरळपणा काढता येतो, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप नव्हती आली.

पटाशी:

वा सूतधरा, किती छान सांगितलंत. फळ्यांसाठी मात्र त्या दोघींनाच एकमेकींवर ठेवायचं, एक शिकंज्यात, दुसरी तिच्या कडेवर उभी, आणि मागून खिडकीचा उजेड. मधे केसभर उजेड चालेल, क्लॅम्पने मिटतो आणि टोकं घट्ट दाबलेली राहतात, ते चांगलंच कारण टोकं आधी सुकतात आणि आधी उघडतात. टोकांना उजेड मात्र चालणार नाही. आणि टोकाला उजेड असेल तर टोकाला हात लावायचा नाही, मधे रंधा मारायचा.

पहिलीफळी:

धागा वर काढतोय. पाच दिवसांनी फळ्या काढल्या, तीन जशाच्या तशा आणि त्या वाईट फळीचा एक तुकडा ४ मिमी परत वाकलेला, जास्तीची रुंदी ठेवली होती म्हणून वाचला, परत सूत मारून कापला. वडिलांच्या रंध्याला धार लावली, पहिले दोन दिवस नुसता भुसाच निघत होता, आज सकाळी पहिल्यांदा आख्ख्या लांबीचा छिलका निघाला, पातळ, हातात धरला तर पलीकडची बोटं दिसत होती. मुलगी तो मनगटाला गुंडाळून फिरतेय.

गाईड कुठे ठेवू? सध्या भिंतीला टेकवून ठेवलंय.

गुण्या९०:

टेकवून ठेवू नका, आठ दिवसांत पोट येईल. एका टोकाला भोक पाडून टांगा, किंवा सपाट जमिनीवर आडवं. आणि तळाच्या कडेला कशाचाही धक्का लागू देऊ नका, तीच तुमची रेघ आहे.

पहिलीफळी:

टांगलं. पहिली जोडी आत्ताच खिडकीसमोर एकमेकींवर ठेवून बघितली. मधे काही नाही, डावीकडे काही नाही, उजव्या टोकाला गाठीजवळ सुईएवढा उजेड दिसतोय. म्हणजे मधे अजून दोन छिलके. आलोच.